काँप्युटरचा दुकानदार : लॅमिंग्टन रोड ते दोहा



आपण चार मराठी माणसं जमलो की तीन विषय हमखास निघतात. इंडियाची तिकिटं, मुलांची शाळा आणि 'दुकानदाराने कसं गंडवलं'. तिसऱ्या विषयात काँप्युटर-लॅपटॉपचा नंबर फार वरचा! कुणाला सांगितली तेवढी रॅम मिळालेली नसते, कुणाच्या गळ्यात नको असलेली वॉरंटी मारलेली असते, कुणाला 'सर, लास्ट पीस' म्हणून शोकेसमधला पीस दिलेला असतो. इथे अल थुमामात तर बहुतेकांचं घरटी एक आयटीवालं खातं, म्हणजे समोरच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं अशी सगळ्यांची खात्री. तरीही किस्से थांबत नाहीत. शेवटी कुणीतरी म्हणतंच, "हे लोक सगळे सारखेच."

मला या 'सगळे सारखेच' बद्दल लिहायचंय. गेल्या पन्नास वर्षांत काँप्युटर विकणारा माणूस अनेकदा बदललाय. टायवाला, पेनाने कोटेशन लिहिणारा, मॉलमधला टी-शर्टवाला. प्रत्येक वेळी तो का बदलला हे बघितलं की एक गोष्ट लक्षात येते. तो खरं बोलतो की खोटं, हे त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या खिशात पैसे कुठून येतात यावर जास्त ठरत आलंय. आयात कर, कमिशन, टार्गेट, व्हिसा. हे समजलं तर गिऱ्हाईक म्हणून आपण काय विचारायचं, तेही समजेल.

दुकानच नव्हतं तेव्हा

आपल्या आईवडिलांच्या तरुणपणी काँप्युटरचं दुकान ही गोष्टच नव्हती. १९७३ च्या 'फेरा' कायद्यानुसार परदेशी कंपन्यांनी भारतातला आपला हिस्सा कमी करावा असा आग्रह सुरू झाला आणि ते मान्य नसल्याने १९७८ मध्ये आयबीएमने इथला गाशा गुंडाळला. मागे राहिल्या हैदराबादची सरकारी ईसीआयएल, आणि एचसीएल, विप्रो वगैरे या धंद्यात नव्याने आलेल्या कंपन्या. गिऱ्हाईक म्हणजे बँक, सरकारी खातं नाहीतर मोठा कारखाना. विक्रेता टाय लावून, ब्रीफकेस घेऊन साहेबाच्या केबिनमध्ये जायचा. टेंडर निघायचं, फाइल फिरायची, महिन्यांनी मशीन यायचं. फसवणूक झालीच तर ती संस्थेची. घरच्या माणसाला 'गिऱ्हाईक' म्हणून त्यात जागाच नव्हती.

अमेरिकेत मात्र याच सुमारास काउंटर जन्माला येत होता. १९७५ च्या जुलैमध्ये डिक हायझर नावाच्या माणसाने लॉस एंजेलिसमध्ये काँप्युटरचं दुकान उघडलं. या जातीचं ते पहिलं दुकान मानलं जातं. त्याच वर्षाच्या शेवटी कॅलिफोर्नियातच माउंटन व्ह्यूला पॉल टेरेलने 'बाइट शॉप' सुरू केलं. ॲपलच्या जन्मकथेत हा टेरेल येतो. १९७६ मध्ये स्टीव्ह जॉब्ज त्याच्याकडे ॲपल-वनचे नुसते सर्किट बोर्ड विकायला गेला, तेव्हा टेरेल म्हणाला, मला पूर्ण जोडलेले पाहिजेत, आणि ५० नगांची ऑर्डर दिली, नगाला ५०० डॉलर. कारण साधं होतं. दुकानात येणाऱ्या माणसाला हातात सोल्डरिंग गन धरायची नव्हती, हे काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला रोज दिसत होतं. कारखान्यातल्या माणसाला ते दिसलं नव्हतं.

हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे. चांगला विक्रेता गिऱ्हाईकाचं ऐकून मालच बदलायला लावतो.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. आयबीएमने तो आपल्या टायवाल्या सेल्समनपुरता ठेवला नाही. काँप्युटरलँड नावाच्या दुकानांच्या साखळीत आणि सिअर्सच्या बिझनेस सेंटरमध्येही ठेवला. तिथून पुढे काँप्युटर म्हणजे दुकानात जाऊन, भाव विचारून घ्यायची वस्तू झाली.

लॅमिंग्टन रोडची शाळा

आपल्याकडे दार उघडलं नोव्हेंबर १९८४ मध्ये. राजीव गांधी पंतप्रधान झाल्यावर काही आठवड्यांतच नवं संगणक धोरण आलं आणि काँप्युटर व त्याचे भाग आयात करणं सोपं झालं. सोपं झालं, स्वस्त नाही. कर भरपूरच होता. अख्खा ब्रँडेड पीसी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर, पण भाग सुटे सुटे आणून जोडले तर बराच स्वस्त. या फरकावर एक अख्खा बाजार उभा राहिला.

मुंबईत तो ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर उभा राहिला (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा!). रेडिओचे, ॲम्प्लिफायरचे सुटे भाग तिथे आधीपासून मिळत. ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर मोजून देणारी तीच माणसं रॅमच्या पट्ट्या मोजून द्यायला लागली. दिल्लीत नेहरू प्लेस, बंगलोरला एस. पी. रोड, चेन्नईला रिची स्ट्रीट ही याचीच भावंडं. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली होतीच.

१९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ज्यांच्या घरी 'असेंबल्ड' पीसी आला त्यांना पुढचा सीन पाठ असेल. गाळा एवढासा. बाहेर पायरीवर रिकामे खोके. आतला माणूस फोन खांद्यावर धरून दुसऱ्याशी बोलतोय आणि त्याच वेळी आपल्यासाठी पॅडवर लिहितोय: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह, कॅबिनेट, मॉनिटर. खाली बेरीज. मग बेरजेला एक तिरकी रेघ आणि "तुमच्यासाठी" म्हणून जरा कमी आकडा. तो कागद खिशात घालून आपण पुढच्या गाळ्यात. तिथेही तेच. चार कागद झाले की घरी येऊन तुलना.

आता या धंद्याची मेख बघा. गिऱ्हाईक घरून तीन गोष्टी पाठ करून यायचं: प्रोसेसर कोणता, रॅम किती, हार्ड डिस्क किती. म्हणून त्या तीन गोष्टींवर दुकानदाराला जवळपास काहीच सुटत नसे, कारण तिथे चार कागदांची तुलना होणार हे त्याला माहीत होतं. मग सुटायचं कुठे? जे कुणी विचारत नाही तिथे. कॅबिनेटमधला एसएमपीएस कुठल्या कंपनीचा? रॅमची पट्टी कुणाची? मदरबोर्ड नेमका कोणता? १५ इंची मॉनिटर म्हणजे काचेची नळी १५ इंचाची, प्रत्यक्ष दिसणारं चित्र पावणेचौदा इंचाच्या आसपास. हे खोटं नाही, पण विचारल्याशिवाय सांगतही नसत. (यात लॅमिंग्टन रोड एकटा नव्हता. ८० जीबीची डिस्क विंडोज ७४.५ जीबी दाखवतं, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. यावरून अमेरिकेत वेस्टर्न डिजिटलवर खटला झाला आणि २००६ मध्ये तडजोड होऊन कंपनीने गिऱ्हाइकांना बॅकअपचं सॉफ्टवेअर फुकट देऊ केलं.)

थोडक्यात, गिऱ्हाईक जिथे अडाणी तिथे नफा. हा नियम तेव्हाही होता, आजही आहे.

याच्या पुढची पायरी म्हणजे उघड लबाडी. कमी वेगाच्या प्रोसेसरवरचा आकडा खोडून जास्त वेगाचा छापायचा आणि जंपर बदलून तो जोरात पळवायचा, हा उद्योग १९९० च्या दशकात जगभर चालला. इंटेलने पुढे प्रोसेसरचा गुणक आतूनच कुलूपबंद केला, त्यामागे हेही एक कारण होतं. आणि विंडोज? ती तर 'टाकून' मिळायची, सोबत ऑफिस, फोटोशॉप आणि चार गेम. सीडीवर मार्कर पेनाने नाव. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधीच्या २०१० च्या अहवालात बनावट आणि चोरीच्या मालासाठी बदनाम बाजारांमध्ये नेहरू प्लेस आणि रिची स्ट्रीटबरोबर लॅमिंग्टन रोडचंही नाव होतं.

आणि मग तो अजरामर प्रश्न: "बिल पाहिजे का?" बिलासकट एक भाव, बिलाशिवाय दुसरा. मध्यमवर्गीय माणूस काय करणार? वर्षभर पैसे साठवून मुलासाठी काँप्युटर घेणाऱ्या बापाने विक्रीकर वाचवला तर त्याला नावं ठेवणं मला जड जातं. पण त्या कागदाबरोबर काय गेलं ते बघायला हवं. पुढे येतोच त्यावर.

तोच आपला मास्तर

ही एक बाजू झाली. दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल.

आमच्या घरी पहिला पीसी २००३ मध्ये आला, मी तेव्हा शाळेत होतो. तो जोडायला दुकानातला जो दादा आला, त्याने दोन तास बसून मला कॅबिनेटच्या आतलं सगळं दाखवलं. रॅम काढून खोडरबराने तिचे सोनेरी पाय पुसायचे आणि परत बसवायची, हे ज्ञान मला त्याने दिलं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हार्डवेअरबद्दल जे शिकलो त्यातलं निम्मं तरी त्या दोन तासांत कळलं होतं. तुमच्यातल्या अनेकांचं असंच असणार. तेव्हा पुस्तकं इंग्रजीत, नेट तासावर, कंपनीचं सर्व्हिस सेंटर लांब. मशीन बिघडलं की वॉरंटी म्हणजे एक माणूस. त्याचा फोन नंबर कॅलेंडरवर लिहिलेला असायचा.

आणि अशाच एका काउंटरमागून महाराष्ट्रातली एक मोठी कंपनी निघाली. कैलाश काटकर मूळचे साताऱ्याकडचे रहिमतपूरचे. शिक्षण दहावीनंतर सुटलेलं. पुण्यात रेडिओ, कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता १९९० च्या सुमारास त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं छोटं दुकान काढलं. मग काँप्युटर दुरुस्तीला यायला लागले. बघतात तर यातली बरीच मशीनं बिघडलेली नाहीतच, त्यांना व्हायरस लागलाय. धाकटे भाऊ संजय काँप्युटर शिकत होते, त्यांनी व्हायरस काढायचे प्रोग्राम लिहिले. १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्यातून क्विक हील हे अँटिव्हायरस बाजारात आलं. कॅट काँप्युटर सर्व्हिसेस हे कंपनीचं नाव २००७ मध्ये बदलून क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले.

मला यात बाइट शॉपच्या टेरेलचीच गोष्ट दिसते. काउंटरवर बसलेल्या माणसाने गिऱ्हाईकाचं दुखणं नीट ऐकलं. दुरुस्तीतून मिळणारा पैसा आणि गिऱ्हाईकाचं भलं एकाच दिशेला होतं, म्हणून ऐकणं परवडलं. 'सगळे सारखेच' म्हणताना हेही दुकानदारच होते, हे विसरून चालणार नाही.

कायदा होता, कागद नव्हता

ग्राहकाच्या हक्कांची चळवळ आपल्याकडे दिल्लीतून आली नाही, ती पुण्या-मुंबईत उभी राहिली. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिच्या उभारणीत सुधीर फडके, म्हणजे आपले बाबूजी, जोशींच्या बरोबर होते. दोघेही १९५४ च्या दादरा-नगर हवेली मुक्तिसंग्रामातले साथी. पंचायतीची पद्धत सोपी: शेजारच्या घरांनी एकत्र यायचं, मागणी एकत्र करायची, वाणसामान घाऊक भावाने आणायचं आणि वाटून घ्यायचं. एकटं गिऱ्हाईक दुबळं, दहा मिळून आले की दुकानदार नीट बोलतो.

हॉस्टेलची मुलं लॅमिंग्टन रोडला पाच जणांनी मिळून पाच पीसी घ्यायला जायची, ती नकळत हेच करत होती :-)

१९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी तीन पायऱ्यांची न्याययंत्रणा, वकील न लावताही तक्रार करता येईल अशी. म्हणजे लॅमिंग्टन रोड भरात आला त्याच्या आधीच कायदा तयार होता. पण तक्रार करायची तर खरेदीचा पुरावा लागतो, आणि तो आपण विक्रीकर वाचवायला दुकानातच सोडून आलेलो! एरवी चळवळीचा अभिमान बाळगणाऱ्या मराठी मध्यमवर्गाने काँप्युटरच्या बाबतीत आपला हक्क काही टक्क्यांत विकला, असं मला वाटतं.

बिल आणि नाव यांची ताकद किती असते त्याचं उदाहरण त्याच काळातलं आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना पेंटियम प्रोसेसर काही भागाकार किंचित चुकवतोय असं आढळलं. इंटेलचं सुरुवातीचं म्हणणं, सामान्य माणसाला हे जाणवणारही नाही, गरज पटवून द्याल तर बदलून देऊ. लोक खवळले. डिसेंबर १९९४ मध्ये कंपनीला माघार घ्यावी लागली आणि मागेल त्याला चिप बदलून देणं कबूल करावं लागलं. त्यापोटी इंटेलने ४७.५ कोटी डॉलरचा फटका सोसला. त्या चिपवर नाव होतं, म्हणून जाब विचारता आला. बिनबिलाच्या, बिननावाच्या रॅमच्या पट्टीचा जाब कुणाला विचारणार?

पॅड गेलं, टार्गेट आलं

हा बाजार बदलला तो कुणी दुकानदारांना नीतीचे धडे दिले म्हणून नाही. कर बदलला. भारत १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि करारातल्या वस्तूंवरचा आयात कर उतरत उतरत २००५ पर्यंत शून्यावर आला. महाराष्ट्रात त्याच वर्षी एप्रिलमध्ये विक्रीकराच्या जागी व्हॅट आला. सामानाच्या बॅगेतून भाग आणण्यात पूर्वीसारखी मजा उरली नाही. ब्रँडेड आणि असेंबल्ड यांच्या भावातली दरी कमी झाली. मग लॅपटॉप आला, आणि लॅपटॉप काही गल्लीत जोडता येत नाही. गाळ्याची जागा एसी शोरूमने घेतली, दादाची जागा कंपनीचा टी-शर्ट घातलेल्या मुलाने.

बिल मिळायला लागलं, माल अस्सल मिळायला लागला. मग तक्रारी थांबल्या का? नाही, फक्त जागा बदलली. कारण आता यंत्राची किंमत नेटवर सगळ्यांना दिसते, तिथे काही सुटत नाही. मग सुटतं कुठे? पुन्हा तेच: गिऱ्हाईक जिथे अडाणी तिथे. एक्स्टेंडेड वॉरंटी, 'सेटअप चार्ज', स्क्रीन गार्ड, बॅग, अँटिव्हायरस.

हा रोग जगभरचा आहे. ब्रिटनमध्ये इलेक्ट्रिकल वस्तूंच्या वाढीव वॉरंटीबद्दल इतक्या तक्रारी आल्या की तिथल्या कॉम्पिटिशन कमिशनने चौकशी करून २००३ मध्ये अहवाल दिला आणि २००५ पासून नियम लागू झाले: वॉरंटीची किंमत वस्तूच्या किमतीशेजारी लिहा, आणि घेतल्यावर ४५ दिवसांत गिऱ्हाईकाला रद्द करता आली पाहिजे. सिंगापूरच्या सिम लिम स्क्वेअर या काँप्युटर-मॉलमध्ये २०१४ मध्ये एका व्हिएतनामी पर्यटकाने मोबाइल घेतला. पैसे दिल्यावर वॉरंटीच्या नावाखाली आणखी १५०० सिंगापूर डॉलर मागितले गेले. तो कामगार माणूस गुडघ्यांवर बसून रडत पैसे परत मागतोय, हा व्हिडिओ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्या दुकानदाराला २०१५ मध्ये ३३ महिन्यांची शिक्षा झाली.

याउलट काही ठिकाणी कंपन्यांनी पगाराची पद्धतच बदलली. अमेरिकेच्या बेस्ट बायने १९८९ मध्ये सेल्समनचं कमिशन बंद करून पगार सुरू केला. ॲपलने मे २००१ मध्ये स्वतःची दुकानं उघडली तीही कमिशनशिवाय, आणि दुरुस्तीचं टेबल दुकानाच्या आतच मांडलं. गिऱ्हाईकाला माणूस बदलल्यासारखा वाटला. खरं तर त्याचं पैसे मिळवण्याचं गणित बदललं होतं.

आणि आपलं दोहा

आता इथे येऊ. गल्फमध्ये काँप्युटरचा बाजार म्हटला की आधी दुबई. बर दुबईतला खालिद बिन वलीद रोड 'काँप्युटर स्ट्रीट' म्हणूनच ओळखला जायचा, आणि तिथलं गायटेक्स प्रदर्शन १९८१ पासूनचं. दोहाचा बाजार बराच काळ दुबईच्या सावलीत वाढला. वितरक दुबईत, गोदाम जेबेल अलीला, आणि बिघडलेला लॅपटॉपही कित्येकदा 'दुबईला पाठवलाय सर' म्हणून महिनाभर गायब. २००० नंतर मॉल आणि हायपरमार्केट आली, सलवा रोडवर जरीर आलं. जुन्या बाजारातले गाळे मागे पडले. मग ५ जून २०१७ ला शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी केली आणि जेबेल अलीचा रस्ता एका दिवसात बंद झाला. माल ओमानच्या सोहार आणि सलालाहमार्गे फिरून यायला लागला. जानेवारी २०२१ मध्ये नाकेबंदी उठली. दुकानदार जे 'पार्ट यायचाय' सांगत होता ते त्या वेळी अक्षरशः खरं होतं.

इथल्या काउंटरवर आपला संवाद गमतीचा असतो. पलीकडे केरळचा, नेपाळचा किंवा फिलिपाइन्सचा मुलगा, अलीकडे आपण. तो मोडकं हिंदी बोलतो, आपणही तसंच, दोघांनाही ते जमतं असं दोघांनाही वाटतं. घासाघीस करायची आपली खोड, तर समोर भावाची पट्टी चिकटवलेली. शिवाय इथले आपले प्रश्न वेगळे आहेत, जे मुंबईत कुणी विचारत नाही: कीबोर्डवर अरबी अक्षरं आहेत का? चार्जरची पिन ब्रिटिश चौकोनी, इंडियात अडाप्टर लागेल का? आणि सर्वांत महत्त्वाचं, वॉरंटी इंटरनॅशनल आहे की नुसती गल्फची? कारण आपल्यातले कित्येक जण लॅपटॉप घेतात तो आईबाबांसाठी. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला भारतात एक लॅपटॉप करमुक्त नेता येतो, त्यामुळे दर सुट्टीत एक तरी बॅगेतून जातोच. तो कोथरूडला किंवा ठाण्यात बिघडला की आईबाबांनी कुणाकडे जायचं?

याच बाबतीत मला आलेला एक अनुभव. नाव कशाला, इथलंच एक मोठं दुकान. लॅपटॉप घेताना काउंटरवरच्या नेपाळी मुलाने फॉर्म पुढे केला, 'दोन वर्षांची एक्स्ट्रा वॉरंटी'. मी सहज बोललो की हा पुण्याला जाणार आहे. त्याने मागे वळून सुपरवायझर कुठे आहे ते पाहिलं आणि हळूच म्हणाला, "सर, तो फिर ये मत लीजिए. ये सिर्फ यहाँ चलेगा." फॉर्म परत घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. पावती करताना त्याने माझ्याकडे वर बघितलंही नाही.

त्या मागे वळून बघण्यात सगळा इतिहास आला. खरं बोलण्याची किंमत त्याच्या महिन्याच्या आकड्यातून जाणार होती. लॅमिंग्टन रोडच्या शेठला निदान गाळा स्वतःचा होता. इथला मुलगा मालकाच्या व्हिसावर. २०२० पर्यंत कतारमध्ये करार चालू असताना नोकरी बदलायची तर आधीच्या मालकाचं ना-हरकत पत्र लागायचं, ती अट २०२० च्या सुधारणांत गेली. २० मार्च २०२१ पासून सर्वांना किमान पगार लागू झाला: महिना १००० रियाल, आणि मालक राहायला-जेवायला देत नसेल तर वर ५०० आणि ३००. आपण ज्या लॅपटॉपवर घासाघीस करतो त्याच्या किमतीशी हा आकडा एकदा लावून बघा. टार्गेटवरचं कमिशन त्याच्यासाठी चैन नाही, घरी पाठवायचा पैसा आहे. याने लबाडी माफ होत नाही. पण ती कुठून येते ते कळतं, आणि तो मुलगा जे बोलला त्याचं मोलही कळतं.

मग आपण काय करायचं?

एक, बिल. इथे तो प्रश्न दुकानदार विचारत नाही, आपणच पावती गाडीत टाकून विसरतो. थर्मल कागदावरची छपाई उन्हात दोन महिन्यांत उडते आणि इथलं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. कतारचा ग्राहक संरक्षण कायदा २००८ चा (कायदा क्र. ८). सदोष वस्तूची दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत हा त्यात हक्क आहे आणि वाणिज्य मंत्रालयाचा १६००१ हा नंबर तक्रारीसाठीच आहे. आपण एकमेकांना किस्से सांगतो, तिथे फोन क्वचितच करतो. भारतात १९८६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली, तो जुलै २०२० पासून लागू आहे, आणि त्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते.

दोन, जे आपण विचारत नाही ते विचारायचं. प्रोसेसर आणि रॅम आपल्याला पाठ आहेत, तिथे कुणी फसवत नाही. वॉरंटी कुठल्या देशात चालते, ती कंपनीची की दुकानाची, चार्जर आणि बॅटरी तिच्यात येतात का, हे विचारून उत्तर पावतीवर लिहून मागायचं. तोंडी 'नो प्रॉब्लेम सर' ला काही अर्थ नसतो.

तीन, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वाईट अनुभवाची तक्रार करतो तशी चांगल्या माणसाची नोंदही करूया. त्याचं नाव मॅनेजरला सांगायला एक मिनिट लागतं. टार्गेटच्या तक्त्यात 'खरं बोलला' असा रकाना नसतो, तो गिऱ्हाईकानेच भरायचा असतो. फक्त नेमकं काय बोलला ते सांगू नका, नाहीतर त्याचीच पंचाईत :-)

ग्राहक पंचायतीने पन्नास वर्षांपूर्वी शिकवलं ते हेच: एकटं गिऱ्हाईक दुबळं असतं. थुमामात आपली इतकी घरं आहेत. पुढच्या सुट्टीच्या आधी ज्यांना लॅपटॉप न्यायचेत त्यांनी एकत्र यादी करून एकाच दुकानात जाऊन बघायला काय हरकत आहे? आणि तुमच्या लॅमिंग्टन रोडच्या, नेहरू प्लेसच्या, दुबईच्या आठवणी असतील तर जरूर लिहा. गंडवल्याच्या तर लिहाच, पण ज्याचा नंबर तुमच्या घरच्या कॅलेंडरवर लिहिलेला होता त्या दादाचीही एखादी येऊ दे.

आपला,
एक थुमामाकर